आकडे ऐकू आले, पुढे काय?

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. २०१९ साली या दिवसाच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेने ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे मोफत ॲप लोकांपुढे ठेवलं. फोन घ्या, इअरफोन लावा आणि काही मिनिटांत आपले कान कसे आहेत याचा अंदाज घ्या, अशी त्यामागची कल्पना. अशी ॲप्स आता बरीच आहेत. काही विद्यापीठांतल्या संशोधनातून आलेली, काही श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेली. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत कोणीतरी फोन पुढे करून म्हणतंच, ‘एक शिबिर घेऊ या, सगळ्यांचे कान तपासून टाकू.’

घ्यावं का असं शिबिर? हुबळी-धारवाडच्या जोडशहरात या प्रश्नाला दोन उलट उत्तरं मिळतात आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून हा वाद मी दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. मामा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, केशवापुरात राहणारे, आपल्या संघात शिबिर घ्यायचं असं मनाशी पक्कं ठरवलेले. भाची ऑडिओलॉजिस्ट, धारवाडात शिकलेली, रोज कान तपासणारी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी दोघांची वहिवाट. वडीलधाऱ्यांना घरातलं बोलणं ऐकू यावं, ही दोघांचीही इच्छा. वाट कोणती धरायची, एवढ्यावरच वाद.

मामा: आमच्या शॉपमधल्या माणसांपासून सुरुवात करतो. घण, रिव्हेट, ग्राइंडर यांच्या आवाजात आम्ही उभी नोकरी काढली. बोलणं निम्मं खुणांचं. आता त्यातल्या कोणाच्याही घरी जा. टीव्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू येतो आणि मालक दर वाक्याला विचारतो, ‘एन अंद्री?’ म्हणजे काय म्हणालात? डोळ्यांना कमी दिसलं की हीच माणसं दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात. कानाचा विषय काढला की ‘वय झालं, चालायचंच.’ असा माणूस तुझ्या दवाखान्याची पायरी कधी चढणार? फोन मात्र त्याच्या खिशात आहे.

भाची: तुमच्या शॉपमधल्या लोकांचे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचे आलेख, मी न बघता सांगू शकेन, मामा. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची रेघ चार हजार हर्ट्झच्या आसपास खचलेली असते. त्या पट्टीत स, श, फ अशी पातळ व्यंजनं असतात. ती गेली की आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणून माणूस म्हणतो, ‘ओरडू नकोस, ऐकू येतंय. नीट बोल.’ आणि घरच्यांना वाटतं, याला हवं तेव्हा ऐकू येतं, नको तेव्हा नाही.

मामा: मग हे आकडे ऐकवणारं ॲप तर नेमकं तेच बघतं. मी स्वतः करून पाहिलंय. कानात पावसाच्या सरीसारखा खरखराट सुरू होतो. त्यातून एक आवाज तीन आकडे सांगतो, पाच-तीन-आठ असे. ते पडद्यावर दाबायचे. बरोबर आले तर पुढचे आकडे आणखी दबलेल्या आवाजात. चुकले तर जरा स्पष्ट. असं करत करत ते तुमच्या मर्यादेपाशी येऊन थांबतं आणि गुण देतं. लग्नाच्या कार्यालयात, बसस्टँडवर, भाजीबाजारात आमचं जे अडतं, त्याचीच ही परीक्षा. तुझ्या खोलीतल्या ‘पीं पीं’पेक्षा ही मला जास्त खरी वाटते.

भाची: ही चाचणी चांगली आहे, यात वाद नाही. हिचा जन्म नेदरलँड्समधला. कास स्मिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घरच्या साध्या टेलिफोनवरून करता यावी म्हणून बांधली. पुढे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठातल्या डी वेट स्वानेपूल यांच्या गटाने ती स्मार्टफोनवर आणली आणि २०१६ मध्ये ‘हिअरझेडए’ या नावाने साऱ्या देशासाठी खुली केली. जागतिक आरोग्य संघटनेचं ॲप त्याच घराण्यातलं. हिची हुशारी अशी, की आवाज किती डेसिबलचा आहे हे तिला कळावं लागत नाही. आकड्यांचा आवाज आणि खरखर यांच्यातला फरक तेवढा ती मोजते. फोन स्वस्तातला असो की महागाचा, इअरफोन कुठलेही असोत, फरक तोच राहतो.

सगळी ॲप्स अशी नसतात, आणि अडचण इथेच सुरू होते. बरीचशी तुम्ही म्हणता त्या ‘पीं पीं’ची नक्कल करतात. एकेक सूर हळू करत नेतात आणि ‘ऐकू आला की दाबा’ म्हणतात. तिथे सगळा हिशेब आवाजाच्या नेमक्या पातळीचा. माझ्या यंत्राचे हेडफोन ठरावीक काळाने प्रमाणित करून घ्यावे लागतात. खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारं आवरण असतं. तुमच्या फोनचे इअरफोन कुठल्या कंपनीचे, कानात किती बसलेत, बाहेर किती गोंगाट आहे, यातलं ॲपला बहुतेक वेळा काही माहीत नसतं. वर पंखा फिरतोय, खाली रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि ॲप सांगतं, ‘तुम्हाला मध्यम स्वरूपाचं बहिरेपण आहे.’

मामा: घरोघरी बीपीचं मशीन आलं तेव्हा डॉक्टरांनी असाच आक्षेप घेतला होता. घरचं माप अचूक नसेल, पण त्यामुळेच कितीजणांना वेळेवर कळलं! मला ॲपकडून निदान नकोय. ‘बाबा रे, जाऊन दाखव’ एवढं त्याने सांगितलं तरी पुष्कळ.

भाची: बीपीचं मशीन सगळ्यांच्या दंडाला एकाच तऱ्हेने पट्टा बांधतं आणि त्याला भाषा लागत नाही. आकड्यांच्या चाचणीला लागते. आता तुमचंच बघा. घरी मराठी, पण शाळा कन्नड. हिशेब तुम्ही आजही कन्नडात करता. मराठीत सहा आणि सात दोन्ही ‘स’ने सुरू होतात, उंच पट्टी गेलेल्या कानाला तिथे अडखळायला होणार. कन्नडात मूरू म्हणजे तीन आणि आरू म्हणजे सहा. खरखरीत दोघांचं शेपूटच तेवढं ऐकू येतं. शिवाय मूरू दोन अक्षरी, ओंबत्तू तीन अक्षरी. लांबीवरूनच माणूस ओळखतो, ऐकावं लागत नाही. म्हणून भाषा बदलली की नुसता आवाज बदलून भागत नाही. प्रत्येक आकडा इतर आकड्यांइतकाच अवघड होईल असा तोलून घ्यावा लागतो, त्या भाषेच्या धडधाकट कानाच्या माणसांवर आधी पारखावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी आकडे वापरले तेव्हा ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं त्यांचे गुण थोडे घसरलेले दिसले. मग ‘वन, फोर, नाइन’ ऐकून तुमच्या संघातल्या आजी नापास झाल्या तर तो दोष कानाचा की भाषेचा? कोण सांगणार?

मामा: हे मान्य. आजीबाईंना इंग्रजी आकडे द्यायचे नाहीत. ज्या भाषेत त्या बाजारहाट करतात त्या भाषेतली पारखलेली चाचणी मिळाली तरच घ्यायची.

भाची: आणि मिळाली नाही तर?

मामा: तर नाही घ्यायची. पुढे बोल.

भाची: पुढचा मुद्दा, ॲपला न दिसणाऱ्या गोष्टींचा. एका कानाने चांगलं ऐकू येत असेल आणि दोन्ही कानांत एकच आवाज सोडला, तर चांगला कान वाईट कानाची बाजू सांभाळून घेतो. माणूस पास होतो. मळाने भरलेला कान, पडद्याला भोक पडून वाहणारा कान, यांतही अशी चाचणी ढिली पडते, कारण आवाज पुरेसा वाढवला की ते ऐकतात. स्वानेपूल यांच्या गटाने यावर तोड काढली. आकड्यांची ध्वनिलहर एका कानात उलटी करून सोडली की असे कान बरेच जास्त पकडले जातात. पण तुमच्या हातातलं ॲप तसं आहे की जुन्या धाटणीचं, हे शिबिरात बसलेल्या स्वयंसेवकाला ठाऊक असेल का?

दुसरं, एके सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तिथे ॲप उघडून बसणंच चुकीचं. ती तातडीची गोष्ट. औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर कान परत मिळण्याची आशा असते. आठवडे गेले की ती मावळते. कान वाहतोय, दुखतोय, चक्कर येतेय, एकाच कानात सतत शिट्टी वाजतेय, या माणसांनी थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. ॲपने ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणून यातलं कोणी घरी बसलं, तर ते पाप आपल्या शिबिराच्या माथी.

मामा: आणि मुलं? संघातल्या बऱ्याच जणांना नातवंडांचेही कान त्याच दिवशी बघून घ्यायचे आहेत.

भाची: लहान मुलांना हात लावायचा नाही. आकडे ऐकून दाबण्याचं वय असावं लागतं. तान्ह्या बाळाचा कान त्याच्याकडून काहीही न करवता तपासावा लागतो. कानात छोटी प्रोब घालून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजायचा, किंवा डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत जाणारा संदेश बघायचा. पहिल्या महिन्यात चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा आमच्याकडे दंडक आहे, कारण भाषा त्याच काळात रुजते. नातवाबद्दल शंका असेल तर फोन खिशात ठेवा आणि त्याला आमच्याकडे आणा.

मामा: एवढं सगळं ऐकून घेतलं. आता तू माझं ऐक. तुझ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की ॲप नसतं तर ही माणसं तुझ्याकडे आली असती. ती येत नाहीत गं! जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल म्हणतो, ४३ कोटी माणसांना कानाच्या उपचाराची गरज आहे, आणि श्रवणयंत्राने ज्यांचं भलं होईल अशा शंभरांपैकी जेमतेम १७ जण ते वापरतात. साठीपुढच्या चौघांपैकी एकाला तरी अडचण व्हावी इतपत कमी ऐकू येतं. त्या न आलेल्या ८३ जणांचं काय? तुझी साउंडप्रूफ खोली अचूक आहे, पण तिच्या दाराशी कोणी येत नसेल तर त्या अचूकपणाचा त्यांना काय उपयोग?

भाची: हा तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा, आणि माझ्याकडे त्याला सरळ उत्तर नाही. फक्त हिशेब मांडते. समजा, तुमच्या शिबिरात शंभर जण आले आणि त्यांतल्या तीस जणांना खरोखर कमी ऐकू येतं. चाचणी चांगली आहे असं धरू, दोन्ही बाजूंनी शंभरात ऐंशी वेळा बरोबर. तिसांतले चोवीस सापडतील, सहा सुटतील. उरलेल्या सत्तरांतल्या चौदा जणांना ती उगाच ‘दाखवा’ म्हणेल. म्हणजे अडतीस जणांच्या हातात ‘पुढे जा’ची चिठ्ठी. त्यांतल्या चौदांचे कान ठणठणीत, आणि सहा जण ‘माझं सगळं ठीक’ म्हणत समाधानाने घरी.

मामा: चोवीस सापडले ना? आज किती सापडतात?

भाची: सापडले खरे. पुढे काय, सांगा. चाळणीच्या कार्यक्रमाला काय काय लागतं, याच्या कसोट्या विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ सालीच जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवल्या. त्यांतली एक अशी, की निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे. अमेरिकेत प्रतिबंधक उपचारांवर सल्ला देणारं एक तज्ज्ञ मंडळ आहे. पन्नाशीपुढच्या, तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट श्रवणचाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं त्या मंडळाने २०२१ मध्ये म्हटलं. करू नका असं नाही म्हटलं, करा असंही नाही. नुसतं शोधल्याने माणसाचं जगणं सुधारतं, हे सिद्ध व्हायचं आहे.

मला ते रोज दिसतं. माणूस मुलाच्या आग्रहाने कानाचं मशीन घेतो. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो. हे होणारच असतं. वर्षानुवर्षं शांत राहिलेल्या मेंदूला सवय लागायला वेळ लागतो, मशीन दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं, कधी कानाचा साचा बदलावा लागतो. पण हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मशीन कपाटात जातं आणि गल्लीत बातमी पसरते, ‘मशीनचा काही उपयोग नाही.’ एक वाईट अनुभव दहा जणांची वाट अडवतो.

आणि पैसा? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात ‘कमी ऐकू येणं’ धरलं जातं ते दोन्ही कानांनी ६० डेसिबलच्या पुढे. तुमचं ॲप ज्यांना पकडणार ते बहुतेक ३०-४०-५० डेसिबलवाले. त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र नाही, म्हणून त्यावर मिळणारं यंत्रही नाही. राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, पण ती गरिबीच्या निकषात बसणाऱ्या ज्येष्ठांसाठी. मधल्या माणसाने खिशात हात घालायचा.

मामा: म्हणून त्याला कळूच द्यायचं नाही? पैसे नसले तरी कळण्याचा उपयोग असतो. सूनबाई पाठमोरी बोलणार नाही. टीव्ही बंद करून समोर बसून बोलेल. ‘बाबा मुद्दाम दुर्लक्ष करतात’ हा घरातला राग जाईल. मळच असेल तर तो काढला की संपलं. यातल्या कशाला मशीन लागतं? आमच्या एका जुन्या सोबत्याने बायकोशी बोलणंच सोडलं होतं, कारण दर वेळी दोनदा विचारावं लागायचं. माणूस हळूहळू घरातच पाहुण्यासारखा होतो.

आणि आपल्या गावाचं आणखी एक सांगतो. हे गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाव. इथे रात्र रात्र गाणं ऐकलेली माणसं आहेत. त्यांतले कोणी कोणी म्हणतात, तंबोरा हल्ली लागलेला वाटत नाही, जवारी पूर्वीसारखी खुलत नाही. तंबोरा तोच आहे गं. उंच पट्टीतले स्वर यांच्या कानापर्यंत पोचेनात. हे त्यांना कोणी सांगितलं, तर गाणाऱ्याला नावं ठेवण्याऐवजी स्वतःच्या कानाकडे बघतील.

भाची: हे मला पटलं, आणि माझ्या खोलीत बसून सुचलं नसतं. तरी एक खटकतं. अशा माणसाला ‘कळवणार’ कोण? बरीच मोफत ॲप्स शेवटी फोन नंबर मागतात. दुसऱ्या दिवशी मशीन विकणाऱ्याचा फोन येतो: ‘काका, तुमचा रिझल्ट बघितला, उशीर करू नका, नाहीतर स्मृतिभ्रंश होईल.’ बिचारा घाबरून तासाभरात पैसे भरतो. स्मृतिभ्रंश आणि बहिरेपण यांचा संबंध आहे. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने टाळता येण्यासारख्या कारणांत त्याची नोंद केली आहे. पण २०२३ मध्ये अमेरिकेत ९७७ वृद्धांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. सगळ्यांना एकत्र धरलं तर श्रवणयंत्राने तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात घसरण सुमारे निम्म्याने मंदावली. आशा वाटावी अशी गोष्ट आहे. भीती घालून विकावी अशी मात्र नाही.

मामा: मग आपल्या शिबिरात नंबर मागणारं ॲप नको, आणि विक्रेत्याचं टेबलही नको. लिहून घे. आता माझा प्रश्न. ‘सोय हाताशी हवी’ म्हणतेस, तर आपल्याकडे सोय नाही का? विद्यानगरला पूर्वी किम्स म्हणायचे ते सरकारी रुग्णालय आहे, जोडशहरातली चिगरी बस जवळच सोडते. सत्तूरला एसडीएम रुग्णालय आहे. धारवाडात केलगेरीला जेएसएसची वाचा-श्रवण संस्था आहे, तिथे तुझ्यासारखी मुलं शिकतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था १९६५ पासून आहे. बहिरेपणा रोखण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम २००७ पासून सुरू आहे. एवढं असून आमची माणसं तिथवर जात नाहीत. सोय आणि माणूस यांच्यामधला रस्ताच कोणी बांधलेला नाही.

भाची: हो. आणि तो रस्ता ॲप एकट्याने बांधणार नाही, हेच मी मघापासून सांगतेय.

मामा: एकट्याने नाही. माणसाच्या हातात दिलं तर?

भाची: तर गोष्ट वेगळी. दक्षिण आफ्रिकेत वस्तीवरच्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन फोन हातात दिले. सोबत प्रमाणित हेडफोन, आणि बाहेरचा गोंगाट जास्त झाला की इशारा देणारं सॉफ्टवेअर. अशा तपासणीवर विश्वास ठेवता येतो, कारण फोनमागे माणूस आहे, आणि नापास झालेल्याचं नाव पुढे कुठे जाणार हे आधी ठरलेलं आहे. कलघटगी, नवलगुंद, कुंदगोळ तालुक्यांतल्या खेड्यांतून एक ऑडिओग्राम काढायला माणसाची दिवसाची मजुरी बुडते. तिथे आशाताईच्या हातात असा फोन असेल, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. तुमच्या संघाच्या हॉलमध्ये शंभर जणांना रांगेत बसवून, चहाच्या कपांच्या किणकिणाटात घेतलेल्या चाचणीच्या बाजूने नाही.

मामा: रांग नको, हे कबूल. पण एका बाबतीत मी मागे हटणार नाही. ज्याला चारचौघांत कबूल करायची लाज वाटते, त्याला घरी, दार लावून, एकट्याने करून बघता आलं पाहिजे. कित्येकांचं पहिलं पाऊल तेच असणार.

भाची: आणि मी म्हणते, तेच पाऊल शेवटचंही ठरतं. एकटा माणूस वाईट निकाल बघतो, फोन ठेवून देतो आणि कोणाला सांगत नाही. त्यापेक्षा घरच्या माणसाने शेजारी बसून एक साधा प्रश्न विचारावा: ‘आम्हाला वाटतं तुम्हाला कमी ऐकू येतं. तुम्हाला काय वाटतं?’ त्या प्रश्नाने कधी कधी ॲपइतकंच काम होतं.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांत एकमत होत नाही, आणि ते जबरदस्तीने घडवावं असं मला वाटत नाही. लाजणाऱ्या माणसाला एकांत हवा असतो, हे मामांचं निरीक्षण खरं आहे. एकांतात मिळालेली वाईट बातमी एकांतातच राहते, हे भाचीचंही खरं आहे. कोणाच्या घरी कोणती वाट चालेल, हे त्या घरालाच ठरवावं लागेल.

मात्र शिबिराबद्दल माझं मत पक्कं आहे. श्रवणाचं ॲप हे एक सवाल विचारण्याचं साधन आहे, आणि ज्याच्याकडे उत्तराची व्यवस्था आहे त्यानेच तो सवाल चारचौघांत विचारावा. आपण नेमकं उलट करतो. आधी फोन, मग फलक, मग फोटो. ‘अमुक जणांची तपासणी झाली’ अशी बातमी छापून येते आणि तिथेच सगळं संपतं. त्या आकड्यातले किती जण पुढे दवाखान्यात गेले, कितींच्या कानातला मळ निघाला, कितींना यंत्र लागलं, आणि सहा महिन्यांनी त्यांतले किती जण ते अजून वापरतात, हे कोणी छापत नाही. शिबिराचं मोजमाप मात्र याच आकड्यांनी व्हायला हवं.

म्हणून हुबळी-धारवाडातल्या ज्या संघाला येत्या ३ मार्चला हे काम करायचं आहे, त्याने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. आधी जवळच्या श्रवणकेंद्रात जाऊन विचारावं की पुढच्या महिन्याभरात आमची किती माणसं तुम्ही बघाल, कोणत्या वारी, कोणत्या वेळी. तिथे वीस जागा मिळाल्या तर शिबिरात वीस जण नापास होतील एवढ्यांनाच बोलवावं. कान वाहणाऱ्या, दुखणाऱ्या, अचानक ऐकू येईनासं झालेल्या माणसांना फोनपाशी न बसवता सरळ डॉक्टरकडे पाठवावं. चाचणी त्या माणसाच्या रोजच्या भाषेतली, पारखलेली असावी, आणि एका वेळी एकालाच, बंद शांत खोलीत घ्यावी. दाराबाहेर घरचं एक माणूस बसलेलं असावं. मशीन विकणाऱ्याला त्या दिवशी आत प्रवेश नसावा. आणि नापास झालेल्या प्रत्येकाबरोबर, त्याच्या तारखेला, चिगरी बसमध्ये शेजारी बसायला संघातला एक जण नेमलेला असावा.

एवढी तयारी वीस माणसांपुरती झाली, तर शिबिरही त्याच बेताचं घ्यावं. उरलेल्यांना तारीख द्यावी आणि ती पाळावी.